मेलेल्यांचे निरोप पोचवणारे सर

सबंध जालना जिल्ह्यात भुतांवर ज्याचा काडीचाही विश्वास नाही आणि भुतांवाचून ज्याचं एक दिवसही चालत नाही असा एकच माणूस आहे, आणि तो माझ्यापासून चौथ्या घरात राहतो. तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत, की तुमच्या तिकडच्या शाळेत नाताळच्या जुन्या गोष्टी वाचून घेतात त्यांत भुतं का असतात, एवढ्या आनंदाच्या सणाला भुतांचं काय काम. मी ‘सांगते’ म्हणाले आणि तुमच्या जेवणाची चौकशी करून विषय बदलला. कारण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, सरांकडे आहे, आणि सरांचं उत्तर सांगायचं तर माझीही एक गोष्ट सांगावी लागते, जी मी तुमच्या आईलासुद्धा धड सांगितलेली नाही. फोनवर ती मला जमणार नाही. म्हणून हे कागदावर, क्रमाने.

सर म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. आष्टीच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं काढली आणि शेवटची आठ वर्षं ते जालन्यात माझ्या शाळेत होते. मी तिथे मुख्याध्यापिका, म्हणून आजही ते मला ‘बाई’ म्हणतात आणि दारातून मला आधी जाऊ देतात. उंच, काटकुळे, डिसेंबर लागला की डोक्यावर मातकट कानटोपी, खांद्यावर कापडी पिशवी. चष्मा आहे, पण तो कायम शर्टाच्या खिशात. का लावत नाही विचारलं तर म्हणतात, “मला लागतं तेवढं दिसतंय, बाई.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भुतांचा विषय निघाला की सर आधी आपल्या वडिलांची गोष्ट काढतात. “माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव अन् घरातली भुतं एकाच टोपलीत भरली अन् नदीला सोडून आला. तवापासून दोघांचंही आमच्याकडं येणंजाणं न्हाई.” मग जरा थांबून म्हणतात, “पण इंग्रजांची भुतं त्या टोपलीत नव्हती. ती मागाहून पुस्तकातून आली.” या मागाहून आलेल्या भुतांवर त्यांचा भारी जीव. मीही मिशनच्या शाळेत शिकले, डिसेंबरात आमच्या मिस त्या गोष्टी वाचून दाखवायच्या आणि आम्ही मुली शालीत हात घालून ऐकायचो, पण त्या गोष्टींत काही शास्त्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सरांना वाटलं. “आपलं भूत मागतंय, बाई. लिंबू माग, दहीभात माग, कोंबडं माग. दिलं की गेलं. माणूस होता तसाच राह्यला. नाताळचं भूत काही मागत न्हाई, ते सांगायला येतं. सांगितलेल्या वेळेला बराबर येतं, सांगतं अन् जातं. खर्चा बिलकुल न्हाई.” आणि डिसेंबरातच का, तर वर्ष संपत आलेलं असतं, दिवस लहान झालेले असतात, माणूस शेकोटीशी बसून मागचं आठवत असतो, त्याला आठवत नाही तेवढं नेमकं घेऊन भूत येतं. “त्या भुताला एकच घाई असते,” सर बोट वर करून सांगतात. “माणूस जिता आहे तोवर पोचायचं.”

आष्टीला असताना या गोष्टी ते नववीच्या वर्गात अशा काही शिकवत, की गावात भानामतीची अफवा उठली तरी नववीची पोरं घाबरत नसत. उलट, भुताचा निरोप काय आहे असं विचारत. भुताच्या साखळीचा आवाज कळावा म्हणून सरांनी एकदा सायकलची चेन काढून वर्गात फरशीवरून ओढत आणली होती. आवाज झकास आला, पण पांढऱ्या शर्टावर वंगणाचा पट्टा उठला तो कशानेच निघेना. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, अजून म्हणतात, “भूत गेलं निघून, डाग राह्यला माझ्याकडं.” दुसऱ्या एका वर्षी त्यांनी अख्ख्या वर्गाला भर दुपारी शाळेमागच्या पिंपळाखाली नेलं. त्या पिंपळावर मुंजा आहे अशी गावाची खात्री. एकेकाने झाडासमोर उभं राहायचं आणि मनात विचारायचं, मी यंदा कोणाशी वाईट वागलो. मुंजा काही बोलला नाही, पण एक मुलगी परत येताना रडायला लागली आणि संध्याकाळपर्यंत तीन भांडणं मिटली. गावाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की मास्तर पोरांना मुंजाकडे नेतात. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी लिहून दिलं, ‘मुंजा गैरहजर होता.’

पण हे सगळं तसं निरुपद्रवी. खरी काळजी सुरू झाली ती निवृत्तीनंतर, जेव्हा सरांनी पोस्टकार्डं लिहायला घेतली. शिकवायला वर्ग उरला नाही, तेव्हा जुना जालना हाच त्यांनी वर्ग धरला. दर डिसेंबरात ते पाच-सहा कार्डं लिहीत, आणि ती सगळी मेलेल्या माणसांच्या नावाने. नियम ठरलेले होते. कार्ड फक्त मेलेल्या माणसाचं. मजकूर दोन-चार ओळींचा. धमकी नाही, मागणी नाही. शुद्धलेखनाची चूक नाही, कारण सरांच्या मते मेल्यावर माणसाला घाई नसते. खाली नाव नाही, फक्त नातं. अक्षर ओळखीचं, उजवीकडे झुकलेलं, टपोरं. निम्म्या गल्लीने ते फळ्यावर पाहिलेलं, त्यामुळे कोणी फसत नसे. तरी लोक कार्ड फाडत नसत. कापडाच्या एका घाऊक दुकानदाराला त्याच्या कैलासवासी वडिलांनी कळवलं, की दुकानात म्हातारा माणूस दिवसभर उभा असतो, त्याला बसायला स्टूल दे. दुकानदाराने आठवडाभर सरांच्या नावाने बोटं मोडली आणि मग स्टूल आणलं. आमच्या शेजारच्या सूनबाईंना सासूचं कार्ड आलं, ‘तुझी आमटी चांगली होत असे. मी बोलले नाही.’ ती बाई ते कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवून कितीतरी दिवस मधूनमधून काढून बघत होती. एकाने मात्र आजोबांना उलट टपाली उत्तर पाठवलं, सरांच्या पत्त्यावर, की तुम्ही आजीशी कसे वागलात ते आधी बघा. सरांनी ते कार्ड फार मनावर घेतलं. दोन दिवस ते वहिनींना नळापासून माठापर्यंत पाणी भरून देत होते.

“एक दिवस मार खाणार हा माणूस,” वहिनी मला म्हणायच्या. मी हसायचे. पण तुम्हांला खरं सांगते, हसणं वरवरचं होतं. डिसेंबरची पंधरा तारीख उलटली, की पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकून मी हातातलं काम टाकून दारात येई. मला माहीत होतं, की कोणाचं कार्ड यायला पाहिजे.

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, शेवटची तीन वर्षं अंबडला माझ्या धाकट्या बहिणीकडे होती. मी जालन्यात, माझं घर, माझं वेळापत्रक. दर महिन्याला जायचे, औषधांच्या डब्या लावून द्यायचे, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवायचे आणि परत यायचे. हगणं-मुतणं, भरवणं, रात्रीची जागरणं सगळं धाकटीने केलं, तेही घरातला शिवणाचा क्लास सांभाळून. आई गेली त्या दिवशी, अजून घरात माणसं होती, आणि मी धाकटीला म्हणाले, “दोन दिवस आधी दवाखान्यात नेलं असतंस, तर आई आज असती.” इंग्रजी शिकलेल्या, नीटनेटक्या, कधी आवाज न चढवणाऱ्या तुमच्या आजीने हे म्हटलं. धाकटीने माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि आत गेली. त्यानंतर चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तुम्ही लहान होतात, तुम्हांला सांगितलं होतं, की अंबडच्या आजीचा फोन बिघडलाय.

हे मी फक्त सरांना सांगितलं होतं. म्हणून दर डिसेंबरात मी आईच्या कार्डाची वाट बघायचे, आणि ते आलं नाही की सुटले असंही वाटायचं आणि अडकले असंही. एकदा धीर करून विचारलं, “सर, आमच्याकडे काही टपाल?” ते कानटोपी सारखी करत म्हणाले, “तुमच्या आईनी अजून काही कळवलं न्हाई, बाई.” कळवण्यासारखं काही नाही, की मी त्या लायकीची नाही, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कार्ड आलं. सकाळचे अकरा वाजले होते, मी नुकतीच पूजा आटोपून पेपर उघडला होता. झुकलेलं टपोरं अक्षर. मी चष्मा पुसला आणि वाचलं:

‘अक्का, तू आली नाहीस त्याचा राग नाही. आईच्या वेळचाही राग नाही. जीव जाळू नकोस. तुझी धाकटी.’

कार्ड आईचं नव्हतं. आणि सरांचा नियम मला पाठ होता. जित्या माणसाच्या नावाने त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मी फोन उचलला. धाकटीचा नंबर मला पाठ होता. आदल्याच दिवशी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, आणि दर वर्षीप्रमाणे मी फोन हातात घेऊन परत खाली ठेवला होता. आता लावला तर बंद. पुन्हा लावला, बंद. सरांच्या घरी लावला. वहिनी म्हणाल्या, सर सकाळच्या गाडीने आष्टीला गेलेत, लग्न आहे, फोन नेहमीसारखा फळीवर. मी विचारलं, “वहिनी, अंबडचं काही बोलले का?”

“गुरुवारी अंबडला पोरीकडं गेल्ते ना. आले तवापासून गपगप आहेत. जेवले बी न्हाईत बराबर. काय झालं विचारलं, तर म्हणाले, बाईंना ठाऊक असंल.” मग हळूच म्हणाल्या, “काय झालं हो?”

गुरुवार. म्हणजे चार दिवस झाले होते. मला कोणी कळवलंही नव्हतं, आणि का कळवावं. मी कपाट उघडलं आणि किती वेळ तशीच उभी राहिले. बहीण जाऊन चार दिवस झाल्यावर कुठलं लुगडं नेसून जातात, हे माझ्या कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. शेवटी फिक्या करड्या रंगाची साडी नेसले, गॅस बंद आहे का हे तीनदा बघितलं, रिक्षाने स्टँडवर गेले आणि अंबडच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईने बोरं पुढे केली. मी एक घेतलं आणि अंबडपर्यंत मुठीतच धरून ठेवलं. तू आली नाहीस, तू आली नाहीस, एवढंच डोक्यात चाललं होतं. तिने शेवटी वाट पाहिली असेल का, कोणाला म्हणाली असेल का, की अक्काला बोलवा. आणि दवाखान्यात कोणी वेळेवर नेलं असेल का. हा शेवटचा प्रश्न मनात आला तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

अंबडला उतरून बाहेर आले तर समोरच, चहाच्या टपरीच्या वर, धाकटीचा फोटो. पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, तिचा गंभीर चेहरा आणि गळ्याखाली आडवा झेंडूचा भरगच्च हार. टपरीच्या बाकावर बसले आणि पदराला डोळे लावले. बऱ्याच वेळाने चष्मा लावून वर पाहिलं तर खाली अक्षरं होती. अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, शिवणक्लासच्या सर्व विद्यार्थिनी.

चहावाला खाली वाकून बघत होता. “काय झालं, मावशी?”

“काही नाही. बहिणीचा वाढदिवस आहे.”

“कालच झाला की. लई मोठा कार्यक्रम झाला. मंग रडून कशाला राह्यल्या?” असं म्हणून त्याने न विचारता चहा पुढे केला. तो चहा फार गोड होता आणि मी तो सगळा प्यायले.

धाकटी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. मला बघून उठली नाही. करड्या साडीकडे बघितलं, हातातल्या कार्डाकडे बघितलं आणि म्हणाली, “कोण गेलं?”

“तू,” मी म्हणाले, आणि कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने ते लांब धरून वाचलं. दोनदा वाचलं. “अक्षर तुमच्या त्या सरांचं आहे. पण मजकूर चूक आहे. राग न्हाई असं कोणी सांगितलं त्यांना? राग आहे.”

“मला माहीत आहे.”

“न्हाई माहीत तुला. बस. चहा ठेवते, मंग सांगते किती आहे ते.”

फोन बंद का, तर शुभेच्छावाल्यांनी आदल्या दिवशी डोकं उठवलं म्हणून तिने तो तांदळाच्या डब्यात टाकला होता. आणि हार कशाला, तर त्याचं कारण मी. फोटो आम्हां दोघींचा होता, भाच्याच्या लग्नातला. कार्यक्रमाला मला बोलवायचं नाही असं ठरल्यावर पोरींनी मला त्यातून कापलं, पण माझं कोपर तिच्या दंडाला असं चिकटलेलं, की ते काही निघेना. “दुकानदार म्हणाला, फुलं टाकू, झाकलं जाईल. अर्ध्या अंबडनं विचारलं मला, बाई, तुम्ही बऱ्या आहात ना.” हे सांगताना ती हसली नाही, पण शेंगांनी भरलेलं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. मी सोलायला लागले. एक मूठभर दाणे झाल्यावर मी म्हणाले, की आईच्या वेळी मी बोलले ते खोटं होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं, की ते खोटं आहे. तिने माझ्या पुढ्यातल्या दाण्यांतलं एक टरफल उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाली, “दाणे वेगळे, टरफलं वेगळी ठेव, अक्का. एवढी शिकलेली बाई.” त्या दिवशी तिने मला राग किती आहे ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत सांगितलं, आणि मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या दारात उभे, कानटोपी हातात. वहिनींनी त्यांना काय सुनावलं असेल त्याची कल्पना चेहऱ्यावरून येत होती. “बाई, मी जित्या माणसाला मारलं. बसच्या खिडकीतून बघितलं, फोटो, हार, मोठ्या अक्षरातलं नाव. चष्मा खिशात.” आत यायला ते तयार नव्हते. “अन् शुक्रवारी सकाळी बघतो तर तुम्ही तुळशीला पाणी घालून राह्यल्या. मला वाटलं, सख्खी बहीण गेली अन् बाई गेल्याच न्हाईत. तुम्हांला काय बोलावं समजंना. म्हटलं, त्याच सांगतील तर बरं.”

त्यानंतर सरांनी कार्डं लिहिणं सोडलं. मोतीबिंदूचं ऑपरेशनही मुकाट्याने करून घेतलं. आता चष्मा नाकावर असतो, उरलेली कोरी कार्डं वहिनी दुधाच्या हिशेबाला वापरतात, आणि गल्लीत डिसेंबर शांत जातो, फार शांत. कापडवाल्याने मला परवा विचारलं, “सरांची तब्येत बरी आहे ना, यंदाही काही आलं न्हाई वडिलांचं.”

धाकटी आणि मी, आम्हांला दोन वर्षं मिळाली. दर गुरुवारी, सर लेकीकडे जायचे त्याच एसटीने, मी अंबडला जायचे. आम्ही भांडायचोही, पण आता बोलून. गेल्या उन्हाळ्यात ती गेली, हे तुम्हांला माहीत आहे. मी तिथे होते. तिच्या औषधांच्या डब्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या आणि जागरणंही केली होती.

यंदा डिसेंबर लागला आणि माझे कान पुन्हा घंटीकडे. स्वतःलाच हसू आलं, पण पंधरा गेली, वीस गेली, तशी मी एक कोरं कार्ड घेऊन सरांकडे गेले. ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कार्डावर माझा पत्ता मी आधीच लिहून नेला होता, तो त्यांनी वाचला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

“धाकट्या बाईंचा निरोप न्हाई, बाई,” ते म्हणाले. “होता तो मी तीन वर्षांमागंच पोचता केल्ता. जरा जल्दी झाली, एवढंच.”

तुम्हांला माझा टपालाचा कप्पा माहीत आहे. डाव्या बाजूला उत्तर दिलेली पत्रं, उजव्या बाजूला उत्तर द्यायची राहिलेली, दोन्हींना वेगळ्या रंगाची नाडी. ते एक कार्ड तीन वर्षं झाली मधल्या जागेत पडून आहे. आज हे लिहिताना पुन्हा हातात घेतलं, कुठल्या गठ्ठ्यात लावावं याचा विचार केला, आणि होतं तिथेच ठेवून दिलं.